दाऊ

दाऊ : इंग्रजीतील द्वितीयपुरुषी एकवचनी सर्वनाम. प्रमाण भाषेतून लुप्त. प्रार्थना, जुने काव्य व काही बोलींत अवशिष्ट.

मूळ जर्मानिक असून जर्मन ‘डू’, लॅटिन ‘टू’, संस्कृत ‘त्वम्’ व मराठी ‘तू’ ही त्याची सगोत्र रूपे होत (→ इंडो-युरोपीय भाषाकुल). प्राचीन इंग्रजीत ते ‘थू’ असे होते. दोघांना उद्देशून ‘यिट’ हे द्विवचनही असे.

कर्त्याच्या स्थानी ‘दाऊ’, कर्माच्या स्थानी ‘दी’, षष्ठीसाठी ‘दाय’ व ‘दाइन’ अशी रूपे होतात. क्रियापदाला ‘-स्ट’ वा ‘-ट’ प्रत्यय लागतो : ‘हॅस्ट’, ‘आर्ट’.

तेराव्या शतकापासून फ्रेंच वळणाने वडीलधाऱ्या एका व्यक्तीलाही अनेकवचन लावले जाऊ लागले (→ आदरार्थी बहुवचन). ‘दाऊ’ मग जिव्हाळ्याचे, कनिष्ठांसाठीचे आणि प्रसंगी अपमानाचे ठरले. १६०३ मध्ये वॉल्टर रॅलीवरील राजद्रोहाच्या खटल्यात सरकारी वकील एडवर्ड कोक यांनी त्याला उद्देशून हेच सर्वनाम हेटाळणीने वापरले. याउलट क्वेकर पंथीयांनी समतेच्या तत्त्वानुसार लहानथोर सर्वांना ते लावले व रोष ओढवून घेतला (→ क्वेकर पंथ). सतराव्या शतकात प्रमाण बोलण्यातून ते मागे पडले. यॉर्कशरसारख्या भागांत ‘दा’ रूपाने टिकले.

१६११ च्या बायबल भाषांतरात मूळ हिब्रू-ग्रीकमधील एकवचन त्याने दाखविले आहे, मग संबोधित देव असो वा चोर. आज ते भारदस्त, आदरार्थी वाटते. हा समज प्रार्थनेतील वापरामुळे झालेला असून इतिहासाच्या नेमका उलट आहे (→ बायबल, किंग जेम्स आवृत्ती).