आर्चीचा निकाल आणि खासगीपणाचा कायदा

सोलापूर जिल्ह्यात प्रसिद्धी आणि खासगीपणा यांची गाठ पडली ती 'सैराट'मुळे. करमाळा तालुक्यात चित्रित झालेला हा चित्रपट 29 एप्रिल 2016 रोजी पडद्यावर आला आणि अकलूजची शाळकरी रिंकू राजगुरू 'आर्ची' झाली. बघ्यांच्या गर्दीमुळे तिची शाळा सुटली. दहावीला तिने बाहेरून बसण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरला. 2019 मध्ये बारावीच्या परीक्षेला टेंभुर्णीच्या केंद्रावर पोलीस बंदोबस्त होता. परीक्षा मंडळाच्या संकेतस्थळावर निकाल पाहायचा तर बैठक क्रमांक आणि आईचे नाव भरावे लागते. निकाल ज्याचा त्याचा, हेच त्यात गृहीत आहे. जून 2017 मध्ये मात्र आर्चीचे दहावीचे टक्के दशांशासकट बातम्यांत झळकले. मुलगी जेमतेम सोळा वर्षांची होती.

बातमी कुठे संपते आणि चांभारचौकशी कुठे सुरू होते, हा वाद छायाचित्राइतकाच जुना. झटपट फोटो टिपणारे कॅमेरे आणि घरात डोकावणारी वृत्तपत्रे यांना वैतागून वॉरन आणि ब्रँडाइस या अमेरिकी वकिलांनी 1890 मध्ये खासगीपणाच्या हक्कावर लेख लिहिला. भारतात हा हक्क उशिरा रुजला. खडकसिंग खटल्यात (1962) सर्वोच्च न्यायालयाने रात्री-अपरात्री घरी येणारे पोलीस रोखले, पण खासगीपणा मूलभूत हक्क नाही, असेही बहुमताने सांगून टाकले.

वृत्तपत्रांच्या दृष्टीने खरा टप्पा 1994 चा. फाशीची शिक्षा झालेल्या ऑटो शंकरचे आत्मचरित्र 'नक्कीरन' हे तमिळ साप्ताहिक छापणार होते. त्यात बड्या अधिकाऱ्यांशी असलेले लागेबांधे येणार, म्हणून तुरुंग खात्याने हरकत घेतली. सर्वोच्च न्यायालयाने छपाई आधीच रोखायला नकार दिला आणि दंडक घालून दिला: कोर्टाच्या दप्तरासारख्या सार्वजनिक नोंदींत आहे ते छापता येते, त्यापलीकडचे घरदार, लग्न, मुलेबाळे, शिक्षण यांविषयी संमतीशिवाय लिहिता येत नाही, मग मजकूर खरा असो वा खोटा. अधिकाऱ्याच्या कामकाजावर लिहायला आडकाठी नाही. स्वतःहून वादात उतरलेल्यालाही हे संरक्षण थोडे कमी. शिक्षणाचा त्या यादीतला उल्लेख अकलूजच्या संदर्भात विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे.

मोबाइलच्या कॅमेऱ्याने प्रश्न आणखी अवघड केला. डिसेंबर 2004 मध्ये मुंबईच्या एका दैनिकाने दोन चित्रपट कलाकारांची चुंबनाची, मोबाइलवर टिपलेली छायाचित्रे छापली. ती आपली नाहीतच, असे अभिनेत्रीने सांगितले. दैनिक आपल्या बातमीवर ठाम राहिले. छायाचित्र खरे की खोटे यावरच चर्चा रंगली. ते छापण्यात लोकांचे हित कोणते, हा मुद्दा बाजूलाच पडला. लोकांना बघायचे आहे, एवढ्याने कशाची बातमी होत नाही.

कायदा नंतर आला. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66-ई ऑक्टोबर 2009 पासून लागू झाले: संमतीविना गुप्तांगांचे चित्र टिपणे किंवा पसरवणे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 2013 मध्ये दंड विधानात आलेल्या 354-सी कलमाने फुटलेल्या छायाचित्रांची नेमकी नस पकडली: स्त्रीने खासगी क्षणाचा फोटो काढू दिला, तरी तो इतरांना दाखवण्याची संमती दिली असे होत नाही. 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवले. आर्चीच्या दहावीच्या निकालाला तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते.

354-सी आता भारतीय न्याय संहितेचे कलम 77 आहे. तेही आणि 66-ईसुद्धा चित्रांपुरतेच. गुणपत्रिका त्यांत बसत नाही.