दाराला पत्राची फट

लिहावं कसं, यावर मराठवाड्यातल्या जांब समर्थ गावच्या सुपुत्राने सतराव्या शतकात एक अख्खा समास खर्ची घातला. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेचा आहे. अक्षर वळणदार असावं, ओळी सरळ याव्यात, शाई, लेखणी आणि कागद नीट जमवावा, असं सांगत समर्थ रामदास बारकाव्यात शिरतात. म्हातारपणी वाचता येणार नाही इतकं बारीक तरुणपणी लिहू नये, हेही ते बजावतात. मात्र लिहिलेला कागद दुसऱ्याच्या घरात शिरणार कसा, याचा विचार त्या काळात कुणाला करावाच लागत नव्हता. कागदासोबत माणूस येत असे.

मराठ्यांच्या राज्यात पत्रं जासूद नेत. बहुधा जोडीने जात, म्हणजे वाटेत एकाचं बरंवाईट झालं तरी दुसरा मजल गाठी. लखोट्यावर मोहोर, लखोटा थैलीत, थैली जासुदाच्या अंगाशी. पोचल्यावर तो देवडीवर निरोप देई, पत्र योग्य त्याच माणसाच्या हाती देई आणि पुष्कळदा उत्तर घेऊनच परते. अशा पत्राला दारात फट लागत नाही. त्याला दार उघडणारा माणूस लागतो.

जांबमधल्या एका दाराची गोष्ट समर्थ संप्रदायात आजही सांगतात. बोहल्यावरून निघून गेलेला सूर्याजीपंत ठोसरांचा नारायण, म्हणजे पुढचे समर्थ रामदास, बारा वर्षं टाकळीला तप करून, आणखी बारा वर्षं देश पालथा घालून गोसाव्याच्या वेशात स्वतःच्याच घरासमोर उभा राहिला. आत दृष्टी गेलेली आई, राणूबाई. तिला ओळख पटली ती आवाजावरून. कथेतला चमत्काराचा भाग ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेने घ्यावा. दाराची रीत मात्र त्यात नेमकी उतरली आहे: बाहेरून हाक, आतून ओ, आणि मग उंबरठा.

मराठवाड्यातली जुनी घरंही याच रितीने बांधलेली आहेत. जाड भिंती, वर माळवद, पुढे देवडी आणि सागवानी दोन झडपांचं दार. मोठ्या वाड्याच्या दाराला एक लहान दिंडी असते. रात्री दार बंद करून आडवा अडसर सरकवायचा, पहाटे सडा पडायच्या वेळी काढायचा, की दिवसभर दार सताड उघडं. उघड्या दाराला भोक पाडायचं कारणच नव्हतं. ते कारण जन्मलं साता समुद्रापलीकडे, आणि पैशाच्या हिशोबातून.

इंग्लंडमध्ये 1840 पर्यंत पत्राचे पैसे बहुधा घेणारा देई. अंतर किती आणि कागद किती, यावर दर ठरे. टपालवाला दार ठोठावी, कुणी येईपर्यंत थांबे, पैसे मोजून घेई आणि मग पुढच्या दारी जाई. रोलंड हिल याने 1837 मध्ये टपाल सुधारणेवर पुस्तिका लिहिली. पाठवणाऱ्यानेच आधी पैसे भरावेत आणि देशभर एकच स्वस्त दर असावा, ही त्याची सूचना सर्वांना ठाऊक आहे. त्याच पुस्तिकेत आणखी एक विचार होता, तोच आपल्या फटीचं मूळ. पैसे आधीच भरलेले असतील तर टपालवाल्याने दारात थांबायचं कशाला? प्रत्येक घराला पत्रपेटी असावी, त्याने पत्र टाकावं, दार वाजवावं आणि चालू लागावं.

जानेवारी 1840 मध्ये एक पेनीचा दर लागू झाला, मे महिन्यात ‘पेनी ब्लॅक’ हे तिकीट आलं. तिकिटाने दारातली घासाघीस संपवली, तरी दारं तशीच राहिली. 1849 मध्ये टपाल खात्याने लोकांना दारात फटी पाडून घ्या असं सांगायला सुरुवात केली. त्यावर लॉर्ड लंडनडेरी भडकला. माझ्या महोगनीच्या दाराला चीर पाडा, अशी खरंच अपेक्षा आहे काय, असं त्याने विचारलं. दार हे घराण्याच्या इभ्रतीचं लाकूड आहे, ही भावना आपल्या वाडेवाल्यांनाही परकी वाटणार नाही. तरी फट पसरली, कारण ती प्रत्येक दारातला थांबण्याचा वेळ वाचवत होती. अमेरिकेत तर 1923 मध्ये टपाल खात्याने सरळ अट घातली: दाराला फट किंवा पेटी असेल तरच घरपोच टपाल मिळेल.

आपल्याकडे तिकीट लवकर आलं. 1852 मध्ये सिंधमध्ये बार्टल फ्रिअरने ‘सिंध डाक’ची तिकिटं काढली. 1 ऑक्टोबर 1854 पासून ब्रिटिश मुलखात पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा हा सरसकट दर झाला, मुंबईहून पुणं असो की कलकत्ता. तिकीट न लावता पत्र टाकता येई, पण मग घेणाऱ्याला दुप्पट पैसे मोजावे लागत. आपल्या बोलण्यात रुळलेलं ‘नॉटपेड’ पत्र ते हेच. नॉटपेड पत्र फटीतून टाकता येत नाही, दारात उभं राहून वसुली करावी लागते.

जांब तेव्हा निजामाच्या मुलखात होतं. हैदराबाद संस्थानाचं टपाल खातं निराळं, तिकिटंही निराळी. पहिलं तिकीट 1869 चं. पुढच्या तिकिटांवर मराठी आणि तेलुगूतूनही किंमत असे. म्हणजे औरंगाबाद सुभ्यातल्या माणसाला तिकिटावरचा आकडा आपल्या लिपीत वाचता येई. 1948 मध्ये संस्थान भारतात आलं आणि 1950 मध्ये ते टपाल खातं भारतीय टपाल खात्यात मिसळलं.

या साऱ्या काळात खेड्यातल्या दाराला फट आली नाही, आणि त्याचं कारण मागासपण नव्हे. इथलं पत्र वेगळ्या तऱ्हेचं होतं. 1 जुलै 1879 ला पाव आण्याचं पोस्टकार्ड आलं आणि गरिबाच्या घरी पत्र जाऊ लागलं. 1880 पासून टपालातून मनिऑर्डर सुरू झाली. मुंबईच्या गिरणीतून किंवा साखर कारखान्यावरून आलेली मनिऑर्डर कुठल्या फटीत टाकणार? पोस्टमन ओसरीवर टेकायचा, फॉर्मवर सही नाहीतर अंगठा घ्यायचा, नोटा मोजून द्यायचा. पाणी व्हायचं, चहा व्हायचा. कार्ड आलं असेल आणि घरात वाचणारं कुणी नसेल, तर तोच वाचून दाखवायचा, कधी उत्तरही लिहून द्यायचा. घरी कुणी नसलं तर पत्र शेजारी, पारावर किंवा आठवडी बाजारात गाठून दिलं जायचं. टपाल माणसाला शोधत यायचं, दाराला नव्हे.

आणि एक कार्ड असं होतं, की ते दाराच्या आत पडताच कामा नये. कुणी वारल्याचं कळवणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे. पोस्टमन ते हातात देताना आधी सावध करी. घरचं माणूस ते बाहेरच वाचे, वाचून फाडून टाकी. घरात ठेवायचं नाही, असा दंडक. लग्नाच्या पत्रिकेला हळदीकुंकवाचं बोट लागलेलं असे, ती मात्र थेट देवापुढे जाई. कुठला कागद उंबरठ्याच्या आत यावा आणि कुठला येऊ नये, हे ठरवायला दारात डोळस माणूस उभा होता. फटीला हे जमलं नसतं.

मराठी माणसाची आणि फटीची गाठ पडली ती मुंबई-पुण्यात. दादर, माटुंगा, गिरगावातल्या जुन्या ब्लॉकच्या दारांवर पितळी झापेची फट आजही दिसते, वर ‘लेटर्स’ अशी इंग्रजी अक्षरं. नवराबायको दोघं नोकरीला, दार दिवसभर बंद, जिन्यावर अनोळखी माणसांची ये-जा. बंद दाराचं कारण तिथे तयार होतं. पुढे इमारती उंच झाल्या, प्रत्येक मजला चढणं पोस्टमनला परवडेना आणि पत्रपेट्यांच्या रांगा तळमजल्यावर आल्या. दारातली फट तिथून हळूहळू गेलीच. पत्ता शोधणंही सोपं झालं. श्रीराम भिकाजी वेलणकर या कोकणात जन्मलेल्या संस्कृत पंडिताने आखलेली पिन कोडची पद्धत 15 ऑगस्ट 1972 पासून सुरू झाली. पत्राला आपल्या पोस्टाची वाट सहा आकड्यांत सापडू लागली. पोस्टापासून दारापर्यंतची वाट मात्र पोस्टमनच्याच पायांवर राहिली.

आज ती शेवटची वाट अडू लागली आहे, आणि ती खेड्यात अडते आहे. जांबसारख्या गावातून पोरं छत्रपती संभाजीनगरला, पुण्याला गेली. म्हातारी माणसं दिवसा शेतात असतात, नाहीतर दवाखान्याच्या फेऱ्यांवर. दिवसभर उघड्या दारांच्या या गावात आता दिवसा कुलूप दिसतं. आणि येणाऱ्या कागदांचं वजन वाढलं आहे: आधार कार्ड, बँकेचं एटीएम कार्ड, पीक विम्याचा कागद, नोकरीच्या मुलाखतीचं पत्र, न्यायालयाची नोटीस. सहीने द्यायच्या स्पीड पोस्टला फटीचा उपयोग नाही, तिथे माणूसच हवा. साधं टपाल मात्र दाराखाली सरकवलं जातं, खिडकीच्या गजांत खोचलं जातं, पावसात भिजतं, शेळी खाते, वाळवी लागते. मुलाखतीची तारीख उलटल्यावर हाती पडलेलं पत्र कुणाला दाखवणार? म्हणून मला वाटतं, फटीची वेळ आता इथे खरोखर आली आहे. मात्र ती इथल्या दाराच्या अंगाने घडवली पाहिजे.

जुन्या नक्षीच्या दाराला हात लावू नये. लंडनडेरीचा राग तेवढ्यापुरता बरोबर होता. वाड्याच्या देवडीत कोनाडे असतात. बाहेरच्या कोनाड्यात झाकणाची, कुलपाची लोखंडी पेटी पक्की बसवली की काम भागतं. साध्या दोन झडपांच्या दाराला मात्र फट पाडता येते. अशा झडपेला आतून आडव्या पट्ट्या ठोकलेल्या असतात, उभ्या फळ्या त्यांनीच धरून ठेवलेल्या. फट दोन पट्ट्यांच्या मधोमध घ्यायची, म्हणजे झडपेची ताकद जात नाही. आधी पेन्सिलीने आखायचं: पंचवीस सेंटीमीटर लांब, चार सेंटीमीटर उंच. पोस्टकार्ड जेमतेम 14 बाय 9 सेंटीमीटरचं, पण सरकारी कागदांचं मोठं पाकीट आडवं न दुमडता जायला एवढी रुंदी लागते. दोन्ही टोकांना गिरमिटाने भोकं पाडायची, मधलं लाकूड बारीक करवतीने कापायचं, कडा पटाशीने साफ करून कानशीने गुळगुळीत करायच्या. खालची कड बाहेरच्या अंगाला किंचित उतरती ठेवायची, म्हणजे वळवाचा तिरपा पाऊस आत न येता बाहेर वाहील. कापलेल्या लाकडाला वॉर्निश द्यायचं आणि पत्र्याचं अस्तर बसवायचं, वाळवीला वाव कमी होतो. बाहेरची झाप वरच्या बाजूने टांगलेली आणि फटीपेक्षा मोठी असावी. आपल्याच वजनाने पडली की पाली, उंदीर आणि धूळ बाहेर राहते. कडक स्प्रिंग नको, पोस्टमनची बोटं सापडतात.

उंचीचा प्रश्न क्षुल्लक नाही. ब्रिटनमध्ये दाराच्या तळाशी बसवलेल्या फटींनी टपालवाल्यांच्या पाठी धरल्या. त्यांच्या संघटनेने वर्षानुवर्षं आवाज उठवला, 2019 मध्ये संसदेत त्यावर विधेयकही मांडलं गेलं. 70 सेंटीमीटर ते 1.7 मीटर एवढ्या उंचीत फट असावी, अशी मागणी होती. आपण कमरेच्या वर, छातीच्या खाली घेतली की सायकलवरून आलेल्या ग्रामीण डाक सेवकाला वाकावं लागत नाही. कडी-कोयंड्यापासून फट हातभर लांब असली, तर तिच्यातून हात घालून कुणाला कडी काढता येत नाही.

आतल्या बाजूला फटीखाली एक छोटी पेटी हवी, आणि इथली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. पत्र सारवलेल्या जमिनीवर किंवा उंबरठ्यावर पडायला नको. पेटीत पडलेला कागद माणूस आपल्या हाताने बाहेर काढतो. दुःखाचं पत्र असेल तर दारातच वाचून बाजूला करता येतं, पत्रिका असेल तर देवापुढे नेता येते. उंबरठ्यावरचा जुना निवाडा त्यामुळे घरच्याच हाती राहतो.

जगात काही ठिकाणी घरोघरी पत्रं वाटणंच बंद होऊ लागलं आहे. डेन्मार्कच्या सरकारी टपाल सेवेने 2025 अखेर ते थांबवलं. आपल्याकडे अजून बँक आणि न्यायालय महत्त्वाचं बरंच काही कागदावर धाडतात, आणि तो कागद गावात आणणारा डाक सेवक अजून येतो. घरकुलांना बसणारी दारं आता तयारच येतात, एका मापाची. ग्रामपंचायतीने आणि सुतारांनी त्या मापातच ही फट आणि आतली पेटी धरली, तर जास्तीचं काम तासाभराचं आहे. जांबने आपल्या दारांपासून सुरुवात करावी. लिहिलेलं नीट वाचता यावं यासाठी इतका खटाटोप करणाऱ्या समर्थांच्या गावात, लिहिलेलं नीट पोचावं ही सोयही झालीच पाहिजे.