धुळे शहराची प्रारंभीची वाढ : जमिनीच्या अटी, पाट आणि पेठ

धुळे शहराच्या सरळ, परस्परांना काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांचे आणि क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्यांचे श्रेय लोकसमजुतीने सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना दिलेले आहे. ही समजूत आता इतकी रूढ झाली आहे की शहराविषयीच्या माहितीपर लेखनातही ती निःशंकपणे नमूद केली जाते. विश्वेश्वरय्या खानदेशात अभियंता म्हणून होते व पांझरेच्या खोऱ्यात त्यांनी काम केले, यात शंका नाही. परंतु ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात दाखल झाले ते 1884 साली. आणि 1872 सालीच धुळ्यात 2,620 घरे उभी होती. कालक्रमाचा एवढा एकच मुद्दा लक्षात घेतला तरी शहराच्या घडणीचा उगम अन्यत्र शोधावा लागतो, हे उघड होते. तो कोठे शोधावयाचा, हा या विवेचनाचा विषय आहे.

एकोणिसाव्या शतकापूर्वी धुळे हे फारसे महत्त्वाचे गाव नव्हते. सत्तेचे ठाणे होते ते दक्षिणेस सुमारे सहा मैलांवर असलेल्या लळिंगच्या किल्ल्यात. फारुकी घराण्याचा संस्थापक मलिक राजा 1399 मध्ये मरण पावला, तेव्हा त्याने थाळनेर एका पुत्रास व लळिंग दुसऱ्यास दिले. यावरून त्या काळी या किल्ल्याची प्रतिष्ठा किती होती हे कळते. धुळे हे त्या किल्ल्याच्या छायेतील नदीकाठचे खेडे. त्याची खरी संपत्ती म्हणजे पांझरेचे पाणी. पांझरा, मोसम व आरम या नद्यांवर दगडी बंधारे घालून, पाटाने पाणी शेतापर्यंत नेऊन, फडांनुसार त्याची वाटणी करण्याची पद्धत खानदेश-बागलाणात पूर्वापार चालत आलेली आहे. पाटाखालची बागायत ही गावची लक्ष्मी. आणि तिच्यावर घर बांधणे म्हणजे उत्पन्नावर पाणी सोडणे. पुढे शहर कोणत्या दिशेने वाढू शकले व कोणत्या दिशेने नाही, याचे पहिले उत्तर या पाटात आहे.

1795 च्या सुमारास हा प्रदेश मराठ्यांच्या अमलाखाली आला. त्यानंतर थोड्याच वर्षांत होळकरांच्या सैन्याची लुटालूट आणि 1803 चा भीषण दुष्काळ यांनी धुळे पूर्णपणे ओस पडले. ‘ओस’ हा शब्द येथे अलंकार म्हणून वापरलेला नाही. गावात मनुष्यवस्ती उरली नव्हती. लळिंग व सोनगीर हे परगणे पेशव्यांनी विंचूरकरांस दिलेले होते. विंचूरकरांचे आश्रित बाळाजी बळवंत यांनी पुढल्याच वर्षी, म्हणजे 1804 मध्ये, गावात पुन्हा वसाहत केली. या कामगिरीबद्दल त्यांस इनाम जमीन व अन्य हक्क मिळाले. पुढे दोन्ही परगण्यांचा कारभार त्यांच्याकडे आला व त्यांनी आपले ठाणे धुळ्यास ठेवले. 1818 पर्यंत ते चालू होते. धुळ्याच्या इतिहासात बाळाजी बळवंतांना जितके स्थान मिळावयास हवे तितके मिळालेले नाही. लळिंगचा किल्ला सोडून कारभाराचे ठिकाण नदीकाठच्या गावी आणण्याचा निर्णय इंग्रजांचा नव्हे, त्यांचा होता. इंग्रजांनी तो पुढे चालविला.

1818 मध्ये पेशवाईचा अंत झाला आणि दक्षिणेचे कमिशनर एलफिन्स्टन यांच्या हाताखाली कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांची खानदेशात नेमणूक झाली. नव्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण म्हणून त्यांनी धुळे निवडले. वरवर पाहता ही निवड चमत्कारिक वाटते. खानदेशाची जुनी राजधानी बऱ्हाणपूर. पण ते शिंद्यांकडे होते व 1860 च्या सुमारापर्यंत तसेच राहिले. पूर्वेकडील काही परगणेही शिंद्यांच्याच अमलाखाली होते. पारोळे हे भरभराटीचे गाव, परंतु झाशीकरांच्या जहागिरीतील. मालेगाव येथे 1818 च्या उन्हाळ्यात अरब शिबंदीशी रक्तपाताचा वेढा लढला गेला होता. ते लष्करी ठाणे होण्यास योग्य, मुलकी कचेरीस नव्हे. नंदुरबार पश्चिमेस एका टोकाला. या सर्वांच्या मानाने धुळे लहान होते खरे, पण कोणत्याही बड्या जहागीरदाराच्या वाड्याने अडलेले नव्हते. दक्षिणेकडून हिंदुस्थानात जाणारी वाट तेथे पांझरा ओलांडत होती. आणि बाळाजी बळवंतांच्या चौदा वर्षांच्या कारभाराने तेथे दप्तर व कारकुनी यांचा पायंडा पडलेला होता. लहानपण हाच त्या गावाचा गुण ठरला असे म्हणण्यास हरकत नाही.

जानेवारी 1819 मध्ये ब्रिग्ज यांनी महसुली व न्यायविषयक कचेऱ्यांच्या इमारतींसाठी मंजुरी मिळविली. दूरदूरच्या ठिकाणांहून कारागीर आणावे लागले व एकंदर खर्च सुमारे 27,000 रुपये आला. कचेऱ्या बांधणे ही सरकारची नित्याची बाब होय. तिच्याने शहर होत नाही. महत्त्वाचे आहे ते दुसरे. व्यापारी व अन्य लोकांनी येऊन राहावे म्हणून घरांसाठी जागा कायमच्या बिनभाड्याने देण्यात आल्या आणि पक्की घरे बांधण्यासाठी जुन्या रहिवाशांस तसेच बाहेरून येणाऱ्यांस आगाऊ रकमा दिल्या गेल्या. ब्रिग्ज यांनी त्या वेळच्या धुळ्याचे वर्णन, बागायतीने वेढलेले आणि पाट व नदी यांच्यामध्ये कोंडलेले लहानसे गाव, असे केले आहे. त्या कोंडीत नवी वस्ती मावणे शक्य नव्हते. म्हणून नवे धुळे जुन्याच्या पोटात न वाढता त्याच्या बाजूस उभे राहिले. मोकळ्या जागेवर मापून तुकडे पाडावयाचे असले म्हणजे रेषा सरळ येतात. त्यासाठी नगररचनेचे शास्त्र लागतेच असे नाही. जरीब आणि वाटपाची यादी पुरते.

या अटी ब्रिग्ज यांच्या कल्पनेतून निघाल्या असे समजणे मात्र चुकीचे होईल. ओसाड गाव किंवा नवी पेठ वसविताना कौल देण्याची मराठी राज्यातील रीत सुप्रसिद्ध आहे. ठरावीक वर्षे सारा वा जकात माफ, पुढे चढत्या क्रमाने इस्ताव्याची आकारणी, पेठेस शेटे-महाजनांची वतने, आणि वसाहत करणाऱ्यास इनाम, हा त्या कौलांचा सर्वसाधारण साचा. पेशवेकालात पुण्याच्या पेठा वाढल्या त्या याच मार्गाने. बाळाजी बळवंतांचे इनाम त्याच साच्यात बसते. 1819 ची योजना या परंपरेची पुढची पायरी आहे. फरक दोन बाबतींत दिसतो. पहिला असा की कौलाची मुदत जाऊन तिच्या जागी ‘कायम’ हा शब्द आला. दुसरा असा की सवलत वसाहत करणाऱ्या एका पुरुषास न मिळता घर बांधणाऱ्या प्रत्येकास मिळाली. शेटे-महाजनांच्या वतनाभोवती गुंफलेली पेठ आणि स्वतंत्र घरमालकांची पेठ यांत जो भेद असावयाचा तो येथून सुरू झाला.

आकड्यांवरून या धोरणाचा परिणाम अजमावता येतो. 1819 मध्ये धुळ्यात 401 घरे व 2,509 माणसे होती. 1863 मध्ये वस्ती दहा हजारांवर आली आणि 1872 मध्ये ती 12,489 झाली. म्हणजे त्रेपन्न वर्षांत माणसे जवळजवळ पाचपट झाली. परंतु घरे 401 वरून 2,620 वर, म्हणजे साडेसहापट, गेली. दर घरामागे 1819 मध्ये सव्वासहा माणसे पडत होती, 1872 मध्ये पावणेपाच. घराची गणना करण्याची पद्धत दोन्ही वेळी एकच होती असे गृहीत धरता येत नाही, म्हणून या प्रमाणावर फार भार देऊ नये. तरीही वाढत्या शहरात गर्दी वाढण्याऐवजी घरे माणसांच्या पुढे धावावीत, ही गोष्ट फुकट जागेच्या धोरणाशी जुळणारी आहे.

जगाच्या दुसऱ्या टोकाचे एक उदाहरण येथे ताडून पाहण्याजोगे आहे. कॅलिफोर्नियातील लॉस एंजेलिस हे गाव 1781 मध्ये स्पेनच्या अमलाखाली गव्हर्नर फेलिपे दे नेवे यांनी 44 वसाहतकऱ्यांनिशी वसविले. तेथेही प्रथम नदीचे पाणी वळवून मुख्य पाट खणण्यात आला, आणि प्रत्येक कुटुंबास घरासाठी जागा व शेतासाठी पाण्याखालचे तुकडे मिळाले. नदी आणि पाट यांच्या आधाराने वाढलेले खेडे, हे धुळ्याशी असलेले साम्य लक्षणीय आहे. पण 1848 मध्ये कॅलिफोर्निया अमेरिकेकडे गेल्यावर, 1849 मध्ये लेफ्टनंट एडवर्ड ऑर्ड यांच्याकडून त्या गावची मोजणी करविण्यात आली ती जागांचा लिलाव करून गावाच्या खजिन्यात भर घालण्यासाठी. सरळ रस्ते तेथेही आले. मात्र ते जागा विकण्यासाठी आखले गेले. धुळ्यात जागा देण्यासाठी रेषा पडल्या. नकाशावर दोन्ही सारखेच दिसतात, आणि म्हणूनच केवळ नकाशावरून नगराचा इतिहास लिहिणे धोक्याचे आहे.

नव्या पेठेच्या मानाने जुने धुळे मागे राहिले. 1880 च्या जिल्हा गॅझेटियरातील वर्णनानुसार तेथील घरे अस्ताव्यस्त व बहुतांशी अगदी साधी होती. पाट आणि नदी यांच्या मधल्या त्या पट्ट्यात जागा वाढण्यास वाव नव्हता. ‘मोगलाई’ हे तेथील दुसऱ्या एका भागाचे नाव जुन्या अमलाची आठवण सांगते. मराठी व्यवहारात निजामाच्या मुलखासही हाच शब्द होता. पांझरेपलीकडचे देवपूर हे नदीने तोडलेले. शहराशी त्याचा संबंध पुलाच्या सोयीवर अवलंबून राहिला. 1872 च्या महापुराने घरांची व मालमत्तेची मोठी हानी केली. नदीकाठ हा पुराचा आणि पाटाकाठ हा बागायतीचा, म्हणून शहराने नदीकडे पाठ फिरवून आग्रा रस्त्याच्या बाजूने वाढावे हे स्वाभाविक होते. पेठ आणि हमरस्ता यांचे हे नाते अजूनही पुसलेले नाही: शहराची मुख्य बाजारपेठ आजही ‘आग्रा रोड’ याच नावाने ओळखली जाते.

1862 मध्ये नगरपालिका स्थापन झाली, त्याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धामुळे खानदेशच्या कापसास कधी नव्हे तो भाव आला. कापूस व जवस यांच्या व्यापाराने शहरास जी गती मिळाली ती पूर्वीच्या चाळीस वर्षांत मिळाली नव्हती. 1872 ते 1881 या नऊ वर्षांत वस्ती 12,489 वरून 18,449 झाली. सरकारी कचेरीने वसविलेले गाव व्यापाराचे शहर झाले ते या काळात. पण त्या व्यापाऱ्यांना पेढ्या मांडण्यासाठी जागा तयार होती, ती आधीच्या पिढीच्या वाटपामुळे.

विश्वेश्वरय्या आले ते या टप्प्यावर. पांझरेच्या पाटाचे पाणी आडव्या प्रवाहापलीकडे नळाच्या सायफनने नेण्याचे काम त्यांनी तरुणपणी केले, आणि आपल्या आठवणींत त्यांनी त्याचा उल्लेखही केला आहे. ते काम लहान नव्हते. शहराच्या आखणीचे श्रेय त्यांच्याकडे का गेले असावे याचा तर्क करणे कठीण नाही. पुढे भारतरत्न झालेल्या थोर अभियंत्याचा गावाशी खरोखरीचा संबंध होता. आणि सरळ रस्ते पाहिले की कोणा एका आखणाऱ्याची कल्पना मनात येतेच. जागांच्या वाटपाच्या याद्या करणाऱ्या कारकुनांची, दूरगावाहून आलेल्या गवंड्या-सुतारांची आणि आगाऊ रक्कम घेऊन घर बांधणाऱ्या वाण्या-उदम्यांची नावे अशा कथेत बसत नाहीत. विश्वेश्वरय्यांचा गौरव पाण्याच्या कामासाठी करावा. पेठेच्या मांडणीसाठी त्याची गरज नाही.

एकाच हाताने वसविलेल्या वस्त्यांची खानदेशात नंतरही उदाहरणे आहेत. भुसावळ येथे रेल्वेची निवासस्थाने उभी राहिली. भुसावळजवळच औष्णिक विद्युत केंद्राचा पहिला संच 1968 मध्ये सुरू झाला व त्याच्याबरोबर दीपनगर ही वसाहत वाढली. आखणी तेथे धुळ्यापेक्षा अधिक काटेकोर आहे. परंतु घर हुद्द्यानुसार मिळते आणि नोकरी संपली की सोडावे लागते. तिसरी पिढी त्याच घरात राहत आहे असे तेथे सहसा घडत नाही, आणि म्हणून अशा वस्तीला शेजार लाभतो पण पेठ लाभत नाही. 1819 च्या आदेशातील ‘कायम’ या शब्दाचे मोल या तुलनेत अधिक स्पष्ट दिसते.

रेल्वेच्या बाबतीत धुळ्याचे दैव उलटे होते. ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचा मुख्य मार्ग चाळीसगाव, पाचोरे, जळगाव, भुसावळ असा पूर्वेकडून गेला आणि जिल्ह्याचे मुख्य ठिकाण बाजूस राहिले. चाळीसगावहून फाटा येण्यास 1900 साल उजाडले. तोपर्यंत कापसाचा बाजार जळगावने बराचसा आपल्याकडे ओढला होता. 1881 नंतरच्या वीस वर्षांत धुळ्याची वस्ती 18,449 वरून 24,726 वर गेली. आधीच्या नऊ वर्षांत निम्म्याच्या जवळपास वाढलेले शहर आता वीस वर्षांत केवळ तृतीयांशाने वाढत होते. 1906 मध्ये खानदेशाचे विभाजन झाले, जळगाव पूर्व खानदेशाचे मुख्य ठिकाण बनले, आणि ब्रिग्ज यांनी ज्या जिल्ह्यासाठी धुळे निवडले होते त्याचा पश्चिमेकडील भागच धुळ्याच्या कचेरीखाली उरला.