झुबेदा : बोलत्या पडद्याची पहिली नायिका

वर्गात आम्ही एकदा मुलींना विचारले, "हिंदुस्थानच्या पहिल्या बोलपटाची नायिका कोण?" 'आलम आरा' हे नाव दोघींना ठाऊक होते, नायिकेचे एकीलाही नाही. बेलपाड्याहून लोकलने सहज गाठता येणाऱ्या गिरगावात, मॅजेस्टिक थिएटरात, १४ मार्च १९३१ रोजी हा चित्रपट लागला. त्याची नायिका झुबेदा तेव्हा अवघी वीस वर्षांची होती.

झुबेदाचा जन्म १९११चा, सुरतचा. सचिनच्या नवाबांची ती मुलगी, असे सांगितले जाते. सचिनचे हे घराणे म्हणजे आमच्याच रायगडातल्या जंजिऱ्याच्या सिद्दींची शाखा. पण तिला पुढे आणले ते घराण्याने नव्हे, आईने. आई फातमा बेगम उर्दू रंगभूमीवरची नटी. स्त्रियांच्या भूमिकाही पुरुषच करीत, अशा काळात १९२२ साली 'वीर अभिमन्यू'तून ती पडद्यावर आली. १९२६ साली 'बुलबुल-ए-परिस्तान' दिग्दर्शित करून ती आपल्याकडची पहिली स्त्री-दिग्दर्शक ठरली. सुलताना, झुबेदा, शहजादी या तिन्ही मुलींना तिने पडद्यावर आणले. झुबेदाने बाराव्या वर्षाच्या सुमारास कोहिनूर कंपनीत काम सुरू केले. १९२४च्या 'गुल-ए-बकावली'ने तिचे नाव झाले.

मग पडदा बोलू लागला आणि चित्र पालटले. इंपीरिअल कंपनीची सर्वांत गाजलेली तारका होती सुलोचना, म्हणजे रूबी मायर्स. पण तिला हिंदुस्थानी नीट येत नव्हते. ते शिकण्यासाठी तिला काही काळ थांबावे लागले. 'आलम आरा'चे नायक मास्टर विठ्ठल मूकपटांचे मोठे नट, परंतु त्यांचे उच्चार जमेनात, म्हणून त्यांना बऱ्याच प्रसंगांत गुंगीत दाखवले गेले. झुबेदाला मात्र नवे काहीच शिकायचे नव्हते. आईच्या रंगभूमीची उर्दू तिच्या घरातच होती. स्टुडिओजवळून आगगाड्या जात, म्हणून बरेचसे चित्रीकरण मध्यरात्रीनंतर, गाड्या थांबल्यावर होई. त्या शांततेत तिची जबानच तिची पुंजी ठरली.

पुढे १९३४ साली नानुभाई वकील यांच्याबरोबर तिने महालक्ष्मी मूव्हीटोन ही स्वतःची कंपनी काढली. १९८८ साली मुंबईत तिचे निधन झाले. 'आलम आरा'ची एकही प्रत आज उरलेली नाही.

"उर्दू शिकून मुलीला काय मिळणार?" असे पालक आम्हाला विचारतात. उर्दू माध्यमात शिकवणाऱ्या आम्हालाही कधीकधी उत्तर सुचत नाही. उर्दूने प्रत्येकीला नशीब मिळते, असा आमचा दावा नाही. पण आईने विनासंकोच दिलेली भाषा आणि हुनर वेळ आल्यावर कामी येतात, हे झुबेदाचे आयुष्य सांगते. मात्र अशा मायलेकींची नावे घ्यायला आपला समाज लाजतो. नटी म्हटले की आपण मान फिरवतो आणि तिच्या कष्टांचा इतिहासही गमावून बसतो. फिल्म हरवली, ती परत आणणे आपल्या हाती नाही. नाव तरी हरवू नये, एवढे आपण करू शकतो. फळ्यावर त्या दिवशी आम्ही दोन नावे लिहिली: फातमा बेगम आणि झुबेदा.