जिआंट-४ : प्रतिस्पर्धी प्रयोगांचं सामायिक सॉफ्टवेअर

सर्नच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये प्रोटॉनांच्या टकरीतून निघालेले कण डिटेक्टरमधल्या लोखंडातून, सिलिकॉनमधून जाताना कशा खुणा सोडतील, हे आधी संगणकावर चालवून पाहतात. त्याशिवाय दिसलेली खूण नव्या कणाची की नेहमीच्याच कणांची, हे ठरवता येत नाही. हे काम करणारं सॉफ्टवेअर म्हणजे जिआंट-४.

आधीचं जिआंट-३ फोरट्रानमध्ये होतं. १९९३ मध्ये सर्न आणि जपानची केईके या संस्थांनी त्याला पर्याय शोधायला स्वतंत्रपणे सुरुवात केली. पुढे दोन्ही प्रयत्न एकत्र आले आणि डिसेंबर १९९८ मध्ये सी प्लस प्लसमधलं जिआंट-४ आलं.

अॅटलास आणि सीएमएस हे प्रयोग एकमेकांचे प्रतिस्पर्धी, पण दोघांच्या सिम्युलेशनचा पाया हाच. मेहनत वाचते, हे खरं. पण पायातच चूक असेल तर ती दोघांकडे जाते, आणि मग दोघांचं एकमत कितपत स्वतंत्र मानायचं? म्हणूनच त्याचे निकाल प्रत्यक्ष कणझोतांवर घेतलेल्या मोजमापांशी पुन्हा पुन्हा ताडून पाहतात.

खरी ओढाताण आवृत्त्यांवरून होते. नवी आवृत्ती साधारण दर डिसेंबरला येते, पण मोबाइलच्या अॅपसारखं लगेच ‘अपडेट’ करून चालत नाही. मध्येच भौतिकीचं मॉडेल बदललं, तर आधी तयार केलेल्या कोट्यवधी घटना नव्यांशी जुळत नाहीत. त्यामुळे प्रयोग एक आवृत्ती पक्की करून दीर्घकाळ तीच वापरतात. दरम्यान सापडलेल्या चुकांच्या दुरुस्त्या त्या जुन्या आवृत्तीलाही पुरवाव्या लागतात.

मुंबईची टीआयएफआर सीएमएसमध्ये सहभागी आहे. भारतातल्या नियोजित न्यूट्रिनो वेधशाळेच्या डिटेक्टरचं सिम्युलेशनही जिआंट-४ वरच केलेलं आहे.