खिमा, मीठ आणि मायोसिन

अमेरिकेत संशोधनासाठी राहत असताना आम्हां भारतीय विद्यार्थ्यांच्या घरी उन्हाळ्यात अधूनमधून अंगणात शेगडी पेटत असे. आमच्यापैकी बरेचजण गोमांस खात नसत. म्हणून बर्गरसाठी टर्कीचा खिमा आणला जाई. टर्की म्हणजे कोंबडीच्याच कुळातला, पण बराच मोठा पक्षी. पहिल्या खेपेस आम्ही खिम्याच्या चार चपट्या वड्या थापून जाळीवर ठेवल्या. उलटताना दोन मोडल्या आणि त्यांचा निम्मा भाग निखाऱ्यात पडला. उरलेल्या दोन इतक्या कोरड्या झाल्या की घास गिळायला पाणी लागले. पुढच्या खेपेस आम्ही मीठ घालून खिमा कणकेसारखा भरपूर मळला. वड्या मोडल्या नाहीत, पण चावताना रबर चावल्यासारखे वाटले.

आमच्यातल्या एका अनुभवी मित्राने सल्ला दिला, "आच मोठी ठेवा. दोन्ही बाजू झटपट भाजल्या की वरून कवच तयार होते आणि रस आत कोंडून राहतो." हा सल्ला आपणही ऐकला असेल. तो दीडशे वर्षांहून जुना आहे, एका थोर रसायनशास्त्रज्ञाच्या नावावर आहे आणि चुकीचा आहे. तो कसा आला, कसा टिकला आणि खरे उत्तर कोठे सापडले, याची हकीकत आम्हांला बर्गरपेक्षाही रुचकर वाटते.

प्रथम या पक्ष्याविषयी थोडे. टर्की मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिकोतील लोकांनी तो सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी माणसाळवला. सोळाव्या शतकाच्या आरंभी स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला. आपल्याकडे तो पोर्तुगिजांमुळे आला. १६१२ साली मुकर्रबखान या सरदाराने जहांगीर बादशहासाठी गोव्याहून ज्या अपूर्व वस्तू व प्राणी आणले, त्यांत एक टर्की होता. बादशहाने आपल्या आत्मचरित्रात त्याचे वर्णन केले आणि उस्ताद मन्सूरकडून त्याचे चित्र काढवून घेतले. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. युस्टुस फॉन लीबिग हे एकोणिसाव्या शतकातील जर्मनीचे अग्रगण्य रसायनशास्त्रज्ञ. १८४७ साली त्यांनी मांसाच्या रसायनशास्त्रावर ग्रंथ प्रसिद्ध केला. मांसाचे पोषणमूल्य मुख्यतः त्यातील रसात असते, असे त्यांचे मत होते. मग तो रस वाया जाऊ नये म्हणून काय करावे? त्यांचा तर्क असा : अंड्याचा पांढरा भाग उकळत्या पाण्यात पडताच घट्ट होतो. मांसाच्या रसातही तसेच प्रथिन असते. तेव्हा मांस एकदम तीव्र उष्णतेत टाकले, तर पृष्ठभागावरील प्रथिन गोठून कवच तयार होईल आणि आतला रस बाहेर येणार नाही.

तर्क सुबक होता. निष्कर्ष मात्र कोणी तराजूवर तपासला नाही. लीबिग यांच्या नावाचा दबदबा मोठा होता. १८६५ साली त्यांच्या नावाने मांसाचा अर्क विकणारी कंपनीही निघाली आणि तिचा कारखाना दक्षिण अमेरिकेत उरुग्वेतील फ्राय बेंतोस येथे चालू लागला. स्वयंपाकी मंडळींनीही आपल्या पद्धती बदलल्या. त्यापूर्वी युरोपात मांस विस्तवापासून दूर ठेवून सावकाश भाजत आणि शेवटी रंगासाठी विस्तवाजवळ आणत. आता आधी तीव्र आच आणि मग मंद, असा क्रम झाला. फ्रान्सचे प्रख्यात बल्लवाचार्य ऑग्युस्त एस्कोफिए यांनी १९०३ च्या आपल्या ग्रंथात हीच कवचाची कल्पना स्वीकारली.

१९३० च्या दशकात अमेरिकेत मांसाचे सारखे तुकडे घेऊन, काही आधी तीव्र आचेवर भाजून व काही तसे न करता शिजवून, शिजण्यापूर्वी आणि नंतर त्यांचे वजन केले गेले. आधी तीव्र आचेवर भाजलेल्या तुकड्यांचे वजन इतरांइतकेच किंवा त्यांहून अधिक घटलेले आढळले. तरीही कवचाचा सल्ला स्वयंपाकघरातून गेला नाही. खरे तर तो खोडून काढायला प्रयोगशाळाही लागत नाही. तव्यावर टाकलेले मांस चुरचुरत राहते, तो आवाज बाहेर पडणाऱ्या पाण्याचा तव्यावर वाफ होताना होणारा आवाज आहे. कवच पाणी अडवत असते, तर काही क्षणांत चुरचुर थांबली असती. तीव्र आचेने मांस खमंग होते, तांबूस होते, यात शंका नाही. पण रस कोंडला जात नाही.

मग रस राहतो कोठे? कच्च्या मांसात सुमारे ७५ टक्के पाणी आणि २० टक्के प्रथिने असतात. एवढे पाणी असूनही मांसाचा तुकडा ओल्या फडक्यासारखा गळत नाही. म्हणजे काहीतरी ते पाणी धरून ठेवते. ते काय, हे ज्यांनी शोधले त्यांना स्वयंपाकाशी काहीच कर्तव्य नव्हते. त्यांचा प्रश्न होता, स्नायू आकुंचन कसा पावतो?

१८६४ साली जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ विल्हेल्म क्यूने यांनी बेडकाच्या स्नायूतून मिठाच्या तीव्र द्रावणाच्या साहाय्याने एक चिकट प्रथिन वेगळे केले आणि त्याला 'मायोसिन' हे नाव दिले. नुसत्या पाण्यात हे प्रथिन विरघळत नाही, मिठाच्या द्रावणात विरघळते. ही गोष्ट लक्षात ठेवावी. आपल्या वड्यांचे सारे गुपित तिच्यात आहे.

पुढचा मोठा टप्पा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हंगेरीतील सेगेद येथे गाठला गेला. आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांना 'क' जीवनसत्त्वाशी निगडित संशोधनाबद्दल १९३७ साली नोबेल पारितोषिक मिळाले होते. त्यानंतर ते स्नायूंकडे वळले. त्यांच्या सहकारी इलोना बांगा यांना असे आढळले की, सशाच्या स्नायूचा खिमा क्षारद्रावणात वीस मिनिटे ठेवला तर पातळ अर्क मिळतो. तोच खिमा द्रावणात रात्रभर ठेवला तर अर्क दाट आणि चिकट होतो. हा फरक का पडावा? १९४२ साली ब्रूनो स्ट्राउब यांनी उत्तर दिले. रात्रभरात मायोसिनबरोबर आणखी एक प्रथिन बाहेर येते. त्याला 'ॲक्टिन' हे नाव मिळाले. ही दोन्ही प्रथिने एकमेकांना धरतात, म्हणून द्रावण दाट होते. १९५४ साली ह्यू हक्सली व जीन हॅन्सन यांनी, आणि स्वतंत्रपणे अँड्र्यू हक्सली व रोल्फ निडरगेर्के यांनी दाखवले की, मायोसिनचे जाड तंतू आणि ॲक्टिनचे बारीक तंतू एकमेकांवरून सरकतात आणि त्यामुळे स्नायू आखडतो.

आता खिमा, मीठ आणि वेळ ही बांगा यांची सामग्री पाहा. सॉसेज बनवणाऱ्या कारागिरांचीही नेमकी हीच सामग्री, आणि तीही कित्येक शतकांपासूनची! मिठात मळलेला खिमा हाताला चिकट का लागतो, याचे कारण त्यांना ठाऊक नव्हते, पण तो चिकट व्हायला हवा हे पक्के ठाऊक होते. तो चिकटपणा म्हणजे बाहेर आलेले मायोसिन. उष्णता लागली की ते साधारण ५० अंश सेल्सिअसच्या पुढे घट्ट होऊ लागते आणि खिम्याचे कण एकमेकांना जोडले जातात. आमच्या पहिल्या वड्यांत मीठ नव्हते, त्यामुळे हा डिंक तयारच झाला नव्हता. दुसऱ्या वेळी मीठ आणि मळणे दोन्ही अती झाल्याने डिंकच डिंक झाला.

पाण्याचा हिशेब त्यानंतर लागला. जर्मनीतील कुल्मबाख येथील रायनर हाम यांनी मांसाच्या पाणी धरण्याच्या क्षमतेचा पद्धतशीर अभ्यास केला आणि १९६० साली त्याचा विस्तृत आढावा प्रसिद्ध केला. मांसाची आम्लता ५ च्या थोड्या वरच्या सामूवर येते, तेव्हा प्रथिनांवरील धन व ऋण भार जवळजवळ समसमान होतात. त्यामुळे तंतू एकमेकांजवळ येतात आणि पाण्याला जागा कमी उरते. सामू वाढला की सारखे भार एकमेकांना दूर ढकलतात आणि जागा वाढते. खिम्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर तो मऊ राहतो, त्याचे कारण हेच. १९८३ साली इंग्लंडमधील जेराल्ड ऑफर आणि जॉन ट्रिनिक यांनी सूक्ष्मदर्शकाखाली स्नायुतंतुकांवर क्षारद्रावण सोडले आणि ते डोळ्यांदेखत फुगताना पाहिले. त्यांचे घनफळ दुपटीहूनही अधिक होऊ शकते, असे दिसले. म्हणजे रस कवचाच्या आत कोंडलेला नसतो, तो तंतूंच्या जाळीत धरलेला असतो. जाळी फुगली की पाणी मावते, आवळली की बाहेर पडते.

टर्कीची अडचण येथे स्पष्ट होते. हा पक्षी बहुतेक वेळ चालतो, उडतो क्वचित आणि थोडा वेळ. त्यामुळे त्याच्या छातीचे मांस पांढरे असून त्यात चरबी फार कमी असते. शिवाय खिमा करताना पृष्ठभागावरील जंतू आतपर्यंत मिसळले जातात. साल्मोनेलासारख्या जंतूंच्या भीतीने पक्ष्यांचा खिमा आतून ७४ अंश सेल्सिअसपर्यंत शिजवावा, असे अमेरिकेतील अधिकृत मार्गदर्शन आहे. तेथवर पोचेपर्यंत मायोसिन घट्ट झालेले असते, ६० ते ६५ अंशांच्या सुमारास तंतूंभोवतीचे कोलॅजेन आखडलेले असते आणि ॲक्टिनचीही घडी मोडू लागते. जाळी पिळलेल्या फडक्यासारखी होते. सुरक्षिततेसाठी हे तापमान टाळता येत नाही. म्हणून उपाय आचेवर नव्हे, तर त्याआधी मिश्रणात करावा लागतो.

असा उपाय कोंबडीच्या बाबतीत एका प्राध्यापकांनी शोधला. न्यूयॉर्क राज्यातील कॉर्नेल विद्यापीठाचे रॉबर्ट बेकर यांच्यापुढे कुक्कुटपालकांचा प्रश्न होता. लोक अख्खी कोंबडी घेत, त्यामुळे खप मर्यादित. टर्की तर सणापुरतीच! खिम्याचे पदार्थ करावेत तर ते बाहेरील आवरणाशिवाय टिकत नसत. बेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी कच्चा खिमा मीठ व व्हिनेगरसह मळला आणि त्यात दुधाची भुकटी व धान्याचे पीठ घातले. १९६३ साली ही कृती विद्यापीठाच्या पत्रिकेत प्रसिद्ध झाली. तिचे पेटंट घेतले नाही, माहिती सर्वांना खुली ठेवली. आज जगभर खाल्ल्या जाणाऱ्या चिकन नगेटचा उगम येथे आहे. टर्कीपासून हॅमसारखा पदार्थ करण्याचे श्रेयही बेकर यांनाच दिले जाते.

हे सर्व ध्यानात घेऊन आम्ही तिसरा प्रयत्न केला. नुसत्या छातीऐवजी मांडीचे मांस असलेला खिमा घेतला. शंभर ग्रॅमला सुमारे एक ग्रॅम मीठ घातले. पावाचा चुरा दुधात भिजवून मिसळला. त्यातील स्टार्च पाणी धरतो आणि प्रथिनांची जाळी फार घट्ट विणली जाऊ देत नाही. मिश्रण हाताला चिकट लागताच मळणे थांबवले, अर्धा तास थंड जागी ठेवले आणि ७४ अंश होताच वड्या उतरवल्या. त्या मोडल्या नाहीत आणि कोरड्याही झाल्या नाहीत. शामी कबाबात चण्याची डाळ वाटून घालणाऱ्या आपल्याकडच्या खानसाम्यांना आमची ही धडपड पाहून हसू आले असते!

वर्गासाठी एक सोपा प्रयोग सुचवतो. कोंबडीच्या खिम्याचे शंभर ग्रॅमचे चार गोळे करावेत. पहिला तसाच ठेवावा. दुसऱ्यात एक ग्रॅम मीठ घालून मिनिटभर मळावे. तिसऱ्यात तेवढेच मीठ घालून दहा मिनिटे मळावे. चौथ्यात मिठाबरोबर भिजवलेला पाव घालावा. प्रत्येक गोळ्याचे वजन करून सर्व वेगवेगळ्या वाट्यांत सारखा वेळ वाफवावेत. मग गोळ्यांचे वजन व सुटलेले पाणी मोजावे, आणि प्रत्येक गोळा बोटाने दाबून पाहावा. कच्चा खिमा हाताळल्यावर हात व भांडी साबणाने धुणे आवश्यक आहे. शाळेत मांस नको असेल तर घट्ट लागलेल्या दह्याच्या दोन वाट्या घ्याव्यात. एक तशीच ठेवावी, दुसरीतील दही चमच्याने कापावे. दोन तासांनी कोणत्या वाटीत किती निवळी सुटली ते मोजावे. दह्यातही पाणी धरणारी प्रथिनांचीच जाळी असते.

लीबिग यांचा तर्क चुकला याबद्दल त्यांना दोष देण्याचे कारण नाही. प्रथिनांचे तंतू पाहण्याचे साधन त्यांच्याजवळ नव्हते. पण तराजू तर प्रत्येकाजवळ होता! कवचाच्या गोष्टीवर विश्वास ठेवणाऱ्या कित्येक पिढ्यांनी तो वापरला नाही, आणि शेगडीजवळ उभे असताना आम्हीही वापरला नाही. विद्यार्थ्यांना हा प्रयोग द्याल, तेव्हा मांस आधी तीव्र आचेवर भाजलेला एक पाचवा गोळाही त्यात ठेवा, आणि त्याचे वजन त्यांनाच करू द्या.