आभासी यंत्रांतील इंटरप्ट आणि ड्रायव्हर समस्या

आभासी यंत्रांतील इंटरप्ट आणि ड्रायव्हर समस्या म्हणजे उपकरणांचे संकेत आभासी संगणकाच्या प्रक्रियकापर्यंत न पोहोचणे, उशिरा पोहोचणे अथवा पोहोचूनही योग्य ड्रायव्हरअभावी दुर्लक्षित राहणे, यांतून उद्भवणारे दोष होत. नेटवर्क संथ होणे, डिस्क न सापडणे, घड्याळ मागे पडणे, ध्वनी तुटक येणे ही त्यांची नेहमीची लक्षणे आहेत. लक्षण अतिथी कार्यप्रणालीत दिसते. कारण मात्र हायपरवायझरच्या मांडणीत किंवा यजमान संगणकातही असू शकते. त्यामुळे दोष कोणत्या थरात आहे हे ठरविल्याशिवाय ड्रायव्हर काढून पुन्हा बसविण्यात सहसा वेळच वाया जातो.

इंटरप्टचे स्वरूप

उपकरणाने प्रक्रियकाचे लक्ष वेधण्यासाठी दिलेल्या संकेतास इंटरप्ट म्हणतात. मराठीत त्यास 'व्यत्यय' असा प्रतिशब्द रूढ आहे. परंतु या शब्दाला नकोशा अडथळ्याची छटा आहे. प्रत्यक्षात इंटरप्ट हा अडथळा नसून दारावरची थाप आहे. ती ऐकू आली नाही तर आलेली माहिती दाराबाहेरच ताटकळत राहते.

१९८४ च्या पीसी एटी संगणकात ८२५९ या नियंत्रकाच्या दोन चिप जोडून १५ उपयुक्त इंटरप्ट रेषा मिळत असत. पुढे आयओ एपिक हा नियंत्रक आला आणि त्यानंतर एमएसआय ही पद्धत आली. या पद्धतीत उपकरण स्वतंत्र तारेवर संकेत न देता स्मृतीतील ठरावीक पत्त्यावर एक संदेश लिहिते. आभासी यंत्रात यांपैकी कोणतीच तार नसते. हायपरवायझर आपल्या स्मृतीतील नियंत्रकाच्या प्रतिरूपात नोंद करतो आणि आभासी प्रक्रियकाची पाळी आली की तो संकेत अतिथीत सोडतो. यजमानावर भार अधिक असून पाळीच लांबली, तर निर्दोष ड्रायव्हरलाही थाप उशिराच ऐकू येते.

सामायिक रेषा

जुन्या पीसीआय पद्धतीत एकाच रेषेवर अनेक उपकरणे असतात. संकेत आला की कर्नल त्या रेषेवरील प्रत्येक ड्रायव्हरला क्रमाने पाचारण करतो. कोणीच तो आपला म्हणून स्वीकारला नाही, तर रेषा चेतलेलीच राहते आणि तोच संकेत पुनःपुन्हा येत राहतो. यास इंटरप्टचे वादळ म्हणतात. एका रेषेवरील १,००,००० संकेतांपैकी ९९,९०० हून अधिक बेवारस ठरल्यास लिनक्स ती रेषा बंद करतो आणि 'नोबडी केअर्ड' अशी नोंद लिहितो. येथेच खरी हानी होते: दोषी उपकरणाबरोबर त्या रेषेवरील निर्दोष डिस्क किंवा नेटवर्क कार्डही मुके होते.

याच नोंदीत 'आयआरक्यूपोल' हा पर्याय वापरून पाहण्याचे सुचविलेले असते. त्याने काम चालू राहू शकते, पण ती मलमपट्टी होय. दोषी उपकरणाचे प्रतिरूप बदलणे किंवा उपकरण एमएसआयवर नेणे हा अधिक टिकाऊ उपाय आहे.

निदान

लिनक्समध्ये 'प्रोक' निर्देशिकेतील 'इंटरप्ट्स' या फाइलीत प्रत्येक प्रक्रियकाने घेतलेल्या संकेतांची मोजणी असते. ती दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा वाचावी. उपकरण वापरात असूनही आकडा स्थिर असेल, तर संकेत अतिथीपर्यंत येत नाही. अशा वेळी एमएसआय तात्पुरते बंद करून फरक पडतो का, ते पाहावे. आकडा बेसुमार वाढत असेल तर वादळ समजावे. सारी वाढ एकाच प्रक्रियकाच्या रकान्यात होत असेल आणि तोच भाराखाली दबला असेल, तर वाटणीचा प्रश्न आहे. मोजणी सुरळीत दिसूनही यंत्र संथ असल्यास 'स्टील' वेळ तपासावा. तो वाढलेला असल्यास दोष अतिथीत शोधू नये. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरमध्ये इंटरप्टचा क्रमांक ऋण दिसल्यास ते उपकरण एमएसआय वापरते, असे ओळखावे.

ड्रायव्हरची निवड

हायपरवायझर ई१००० सारख्या खऱ्या नेटवर्क कार्डाची नक्कल करतो तेव्हा अतिथीचा जुना ड्रायव्हर तसाच चालतो, पण नियंत्रण वारंवार हायपरवायझरकडे जात असल्याने वेग घटतो. यावर रस्टी रसेल यांनी मांडलेली व्हर्टआयओ ही पद्धत २००८ मध्ये लिनक्स २.६.२४ बरोबर प्रसिद्ध झाली. तीत आपण आभासी यंत्रात आहोत हे ड्रायव्हरला ठाऊक असते आणि अनेक विनंत्यांसाठी मिळून एकच संकेत पुरू शकतो.

विंडोजच्या मूळ संचात मात्र व्हर्टआयओचे ड्रायव्हर नसतात. चालू यंत्राची मुख्य डिस्क एकदम व्हर्टआयओवर नेल्यास 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' हा संदेश येऊन यंत्र सुरूच होत नाही. म्हणून मुख्य डिस्क जुन्याच नियंत्रकावर ठेवून एक छोटी दुय्यम डिस्क व्हर्टआयओने जोडावी, विंडोज सुरू करून ड्रायव्हर बसवावा आणि त्यानंतरच मुख्य डिस्क हलवावी. व्हर्च्युअलबॉक्समध्येही असाच एक सापळा आहे: आयओ एपिक चालू असताना विंडोज बसविले असेल, तर तो पुढे बंद करू नये.

घड्याळ

लिनक्स २.४ हे बहुतेक पीसींवर सेकंदाला १०० टिक मोजत असे, २.६ च्या आरंभीच्या आवृत्त्यांत ते प्रमाण १,००० झाले. आभासी यंत्रात इतके संकेत वेळेवर पोहोचत नसल्याने घड्याळ मागे पडू लागले. हा दोष क्षुल्लक नव्हे. कर्बरोस प्रमाणीकरणात साधारणपणे ५ मिनिटांपेक्षा अधिक तफावत चालत नाही, आणि मग परवलीचा शब्द बरोबर असूनही प्रवेश नाकारला जातो. केव्हीएम-क्लॉकसारखे स्रोत टिक मोजण्याऐवजी यजमानाकडूनच वेळ घेतात.

थेट जोडलेली उपकरणे

लिनक्स ३.६ (२०१२) पासून उपलब्ध असलेल्या व्हीएफआयओमुळे खरे उपकरण अतिथीच्या थेट स्वाधीन करता येते. यासाठी आयओएमएमयूकडून इंटरप्टचे पुनर्निर्देशन आवश्यक असते. अन्यथा अतिथी खोटे संकेत निर्माण करून यजमानास बाधा पोहोचवू शकतो. ही तपासणी डावलणारा पर्याय उपलब्ध आहे, पण त्याच्या नावातच 'अनसेफ' हा शब्द आहे. विंडोज अतिथीला ग्राफिक कार्ड असे जोडल्यावर एचडीएमआय ध्वनी खरखरत असेल, तर कार्डाचा ध्वनिभाग जुन्या रेषेवर चालत आहे का, ते प्रथम पाहावे. रजिस्ट्रीत त्या उपकरणाच्या नोंदीखाली 'एमएसआय सपोर्टेड' चे मूल्य १ करून यंत्र पुन्हा सुरू केल्यास खरखर बहुधा थांबते. ड्रायव्हरची नवी आवृत्ती बसविल्यावर हे मूल्य पूर्ववत होऊ शकते, म्हणून ते पुन्हा तपासावे लागते.